ब्राउझर गेमची समीक्षा: आधी नोंद, मग कारण, सल्ला सगळ्यांत शेवटी

“ग्राफिक्स भारी. कंट्रोल्स जरा सुधार. लेव्हल्स वाढव. बाकी मस्त!” सोलापुरात कॉलेज सांभाळून ब्राउझरमध्ये चालणारे छोटे गेम बनवणारी पोरं आहेत, आणि त्यांना मित्रांकडून मिळणारी समीक्षा बहुतेक वेळा एवढीच असते. देणाऱ्याने ती मनापासून दिलेली असते आणि घेणारा मनापासून वाचतो. पण रात्री कोड उघडून बसला की त्याला कळत नाही, बदलायचं नेमकं काय? कंट्रोल्स म्हणजे उडी की वळण? लेव्हल्स वाढव म्हणजे आहेत त्या आवडल्या म्हणून, की संपल्या म्हणून?

गडबड क्रमात होते. खेळणारा आधी सल्ला ठरवतो, मग त्याला शोभेल असं कारण शोधतो, आणि प्रत्यक्ष काय घडलं याची नोंद ठेवायची राहूनच जाते. खालचे टप्पे त्याच्या उलट क्रमाने जातात. एकही टप्पा पुढे-मागे करू नका. का, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

लेखभर एकच काल्पनिक उदाहरण धरू. समजा, कुणीतरी यंत्रमागावर गेम केला आहे. धोटा (आडवा धागा वाहून नेणारा मागाचा भाग) इकडून तिकडे पळतो, चादर विणली जाते, मधूनच ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटतो. तुटलेल्या धाग्यावर क्लिक केलं की गाठ बसते. तीन धागे एकाच वेळी तुटलेले राहिले की चादर वाया, खेळ संपला. स्पेसबार दाबला की माग थांबतो. दर दहा ओळींनी वेग वाढतो. बस्स, एवढाच गेम.

## टप्पा 1. गेम उघडायच्या आधी

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात आणि समीक्षा इथेच बिघडते. लिंक आली की लगेच बोट लागतं. मग पहिला खेळ सिटी बसमध्ये उभ्याने, आवाज बंद ठेवून, अर्ध्या लक्षाने होऊन जातो. पहिला खेळ पुन्हा मिळत नाही. गेम एकदा कळला की तो न कळलेल्या माणसासारखं खेळता येत नाही.

यंत्रं. एक लॅपटॉप आणि एक साधा अँड्रॉइड फोन घ्या. तुमचा फोन महागाचा असेल तर घरातल्या कुणाचा तरी जुना मागून घ्या. हेडफोन हवेतच. लॅपटॉपवर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही असू द्या. ब्राउझरचा झूम शंभर टक्क्यांवर आणा. कितीतरी वेळा “बटण कापलं गेलंय” ही तक्रार 125 टक्के झूममुळे आलेली असते.

खिडकी. पहिला खेळ इन्कॉग्निटो खिडकीत खेळा. जुनं सेव्ह तिथे नसतं आणि तुमची एक्स्टेन्शन्सही सहसा बंद असतात. मात्र दोन गोष्टी लक्षात असू द्या. ही खिडकी बंद केली की सेव्हही जातं. आणि गेम एखाद्या दुसऱ्या साइटच्या चौकटीत बसवलेला असेल (छोटे गेम ठेवायच्या इच डॉट आयओ या साइटवर तसंच असतं), तर इन्कॉग्निटोत काही वेळा सेव्ह करायलाच मज्जाव होतो आणि गेम सुरुवातीलाच अडकतो. तसं झालं तर साध्या खिडकीत जा, पण अडकल्याची नोंद करा. बनवणाऱ्याला ती हवी असते.

वही. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करा. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये ती सोय असतेच. शिवाय कागदावर दोन रकाने आखा: “काय घडलं” आणि “मला काय वाटलं”. “काय करावं” हा तिसरा रकाना आत्ता आखू नका. कागदावर जागा दिसली की ती भरावीशी वाटते, आणि मग खेळता खेळता सल्ले सुचायला लागतात.

ऊन. ही सोलापूरची खास अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी पत्र्याच्या खोलीत फोन हातात तापतो, आणि तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो. गेम अडखळतो, आणि दोष गेमच्या माथी जातो. सकाळी खेळा, किंवा निदान फोन गरम होता हे लिहून ठेवा.

बनवणाऱ्याला विचारायचे प्रश्न. आत्ता तीनच: कोणती आवृत्ती बघायची? गेम फोनसाठी आहे, लॅपटॉपसाठी की दोन्हीसाठी? आधीच माहीत असलेले बग कोणते? “तुला यातून काय साधायचंय” हा प्रश्न मोलाचा आहे, पण तो आत्ता विचारायचा नाही. उत्तर ऐकलं की खेळताना तुम्हाला तेच दिसायला लागतं.

> इशारा: गेमखाली लिहिलेलं वर्णन, सूचना आणि इतरांचे अभिप्राय वाचू नका. साधा खेळाडू पान खाली सरकवत नाही. “स्पेसने माग थांबतो” ही ओळ फक्त तिथेच लिहिलेली असेल, तर ती न कळणं हीच तुमची पहिली नोंद.

## टप्पा 2. पहिला खेळ: खेळत राहा, वेळ लिहा

आता खेळा. मत बनवू नका, थांबून विचार करू नका. फक्त काही क्षण पकडायचे आहेत आणि प्रत्येकापुढे मिनिट-सेकंद लिहायचे आहेत:

1. लिंक दाबल्यापासून खेळता येईपर्यंत किती वेळ गेला.
2. पहिली कृती कोणती केली, आणि ती कशावरून सुचली.
3. “अच्छा, हे असं आहे होय!” असं कधी झालं.
4. पहिल्यांदा हरलात कधी, आणि हरताना कारण कळलं का.
5. पहिल्यांदा टॅब बंद करावासा कधी वाटला.

पाचवा क्षण सगळ्यांत मोलाचा आहे आणि तोच कुणी लिहीत नाही, कारण मित्राचा गेम आहे म्हणून आपण नेटाने पुढे खेळतो. पुढे खेळा, हरकत नाही. पण परक्या माणसाने इथे टॅब बंद केला असता, हे लिहून ठेवा. ब्राउझर गेमला पैसे मोजलेले नसतात, काही इन्स्टॉल केलेलं नसतं. सोडून जायला एक क्लिक पुरतं.

ब्राउझरचे काही सापळे असे आहेत की खेळाडूला ते गेमचा दोष म्हणूनच जाणवतात. ते दिसले तर नोंदवा:

- आवाज सुरू होत नाही. वापरकर्त्याने पानावर काही दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाहीत. “सुरू करा” हे बटण त्यासाठीही लागतं. ते नसेल तर सुरुवातीचं संगीत गप्प राहतं आणि मध्येच कुठेतरी सुरू होतं.
- कळा चालत नाहीत. गेम चौकटीत असेल तर आधी चौकटीत क्लिक करावं लागतं, तोवर कळा बाहेरच्या पानाला जातात.
- पान सरकतं. स्पेसबार आणि बाणाच्या कळांनी पान खाली जातं. आपल्या मागाच्या गेममध्ये माग थांबवायला स्पेस दाबावा आणि माग स्क्रीनबाहेर जावा, हे अगदी घडण्यासारखं आहे.
- टॅबच बंद होतो. वाकायला कंट्रोल आणि पुढे जायला डब्ल्यू ठेवलं, तर वाकून चालताना टॅब बंद! हा शॉर्टकट साध्या टॅबमध्ये गेमला अडवता येत नाही. कळ बदलणं हाच उपाय.
- फोनवर पान ताजं होतं. खाली ओढण्याचा इशारा गेममध्ये असेल तर ब्राउझर पान रीलोड करतो. कडेवरून बोट फिरवलं तर मागच्या पानावर नेतो.

> तपासा: पहिल्या खेळानंतर “काय घडलं” या रकान्यातल्या ओळी “मला काय वाटलं” पेक्षा जास्त आहेत ना? नसतील तर रेकॉर्डिंग पाहून तो रकाना भरा. गेम पुन्हा उघडू नका.

## टप्पा 3. दुसरा खेळ: मुद्दाम मोडून बघा

हा टप्पा काठिण्याबद्दल किंवा मजेबद्दल काहीही म्हणायच्या आधी झालाच पाहिजे. याचं कारण एका गोष्टीत आहे: वेग.

ब्राउझरमधले बहुतेक गेम स्क्रीन जितक्या वेळा नवं चित्र दाखवतो तितक्या वेळा पुढे सरकतात. बनवणाऱ्याचा स्क्रीन 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणारा असेल आणि त्याने “दर चित्राला धोटा इतका सरकव” असं लिहिलं असेल, तर 144 हर्ट्झच्या गेमिंग लॅपटॉपवर तोच धोटा 2.4 पट वेगाने पळतो. 90 किंवा 120 हर्ट्झचे फोन आता मध्यम किमतीतही मिळतात. उलट आयफोन लो पॉवर मोडवर असला की सफारी 30 वर येते आणि माग पेंगायला लागतो. एकाच गेमबद्दल एक मित्र “अशक्य कठीण” म्हणतो, दुसरा “फार संथ” म्हणतो, आणि दोघेही खरं बोलत असतात. बनवणारा मात्र काठिण्याचे आकडे बदलत बसतो. हे दुरुस्त करायचं तर दोन चित्रांमध्ये प्रत्यक्ष किती वेळ गेला ते मोजून त्या हिशेबाने हालचाल करावी लागते. म्हणून तुमच्या स्क्रीनचा हर्ट्झ आकडा समीक्षेच्या पहिल्या ओळीत हवा.

बाकीच्या चाचण्या भराभर उरकतात:

- काहीच करू नका. मिनिटभर हात बाजूला. गेम हरवतो, थांबतो की नुसता चालूच राहतो?
- दुसऱ्या टॅबवर जा, मिनिटाने परत या. मागच्या टॅबमध्ये चित्रं काढणं थांबतं आणि टायमर मंदावतात. परत आल्यावर गेमने तो सगळा वेळ एकदम मोजला तर सगळे धागे एका क्षणात तुटलेले दिसतील.
- मध्येच रीलोड करा. प्रगती राहते का? ही चाचणी साध्या खिडकीत करा. गेम अनेक दिवस खेळायचा असेल तर आणखी एक गोष्ट बघा: सफारी वापरली जात असताना सात दिवस त्या साइटकडे कुणी फिरकलं नाही, तर सफारी त्या साइटने साठवलेला मजकूर पुसून टाकते. अशा गेमला सेव्ह बाहेर काढून ठेवायची सोय लागते.
- आवाज बंद करून खेळा. धागा तुटल्याचं फक्त आवाजानेच कळत असेल तर ते इथे उघडं पडतं.
- कीबोर्ड मराठीवर टाका. ही चाचणी आपल्याशिवाय कुणी करणार नाही. इन्स्क्रिप्ट ही देवनागरीची कळमांडणी चालू असताना डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर ऐकाराची मात्रा, ओकार, एकार आणि हलन्त उमटतात. कोडने “कोणतं अक्षर उमटलं” असं विचारलं असेल तर गेम ढिम्म हलत नाही. “कीबोर्डवरची कोणती कळ दाबली” असं विचारलं असेल तर बिनघोर चालतो. कॅप्स लॉक लावूनही एकदा बघा, पुष्कळदा तीच चूक तिथेही सापडते.
- फोनवर बोटाने. अँड्रॉइडसाठी गूगलचा सल्ला आहे की दाबायची जागा किमान 48 डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण 9 मिलिमीटर असावी. लॅपटॉपवर माउसने सहज पकडता येणारा धागा फोनवर केसाएवढा होतो.

> इशारा: तांत्रिक बिघाडांची यादी वेगळ्या कागदावर ठेवा. ती बनवणाऱ्याला खासगीत, लगेच पाठवा. डिझाइनच्या समीक्षेत ती मिसळली की तो बग दुरुस्त करून “सगळं केलं” म्हणतो आणि खरा मुद्दा बाजूला पडतो.

## टप्पा 4. आता हेतू विचारा

बनवणाऱ्याला एका वाक्यात विचारा: खेळाडूने कशाचा विचार करत राहावं असं तुला वाटतं? “मजा यावी” हे उत्तर घेऊ नका. “कोणता धागा आधी बांधायचा हे ठरवताना तारांबळ उडावी” हे उत्तर आहे. किती दिवसांत केला, कुणी कुणी केला, काही मर्यादा स्वतःवर घातली होती का, हेही आत्ताच विचारा.

मर्यादेचं महत्त्व कळायला जगातली उदाहरणं बघा. जेएसथर्टीनके या वार्षिक स्पर्धेत अख्खा गेम झिप करून 13 किलोबाइटमध्ये बसवावा लागतो. तिथल्या गेमला “चित्रं साधी आहेत” म्हणण्यात काय हशील? जॉश वॉर्डलचा वर्डल ऑक्टोबर 2021 मध्ये लोकांसमोर आला: पाच अक्षरी शब्द, सहा प्रयत्न, दिवसाला एकच कोडं. “रोज हवी तेवढी कोडी दे” असा सल्ला कुणी दिला असता तर तो वरवर उदार वाटला असता, पण सगळ्यांना एकाच दिवशी एकच कोडं मिळण्यातली गंमत त्याने घालवली असती. मायकल टाउनसेंडचा 2013 मधला ‘अ डार्क रूम’ सुरुवातीला जवळपास काहीच दाखवत नाही. एक खोली, एक शेकोटी, एक बटण. तिथला संथपणा हेतूतून आलेला आहे. आपल्या मागाच्या गेममध्ये पहिली चाळीस सेकंदं एकही धागा तुटत नाही. तो हेतू आहे की राहून गेलेली गोष्ट? विचारल्याशिवाय कळणार नाही.

> तपासा: बनवणाऱ्याने सांगितलेला हेतू आणि तुमचा टप्पा 2 मधला कागद शेजारी ठेवा. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खूण करा. समीक्षा फक्त त्या खुणांबद्दल, आणि जिथे चपखल जुळलं त्या जागांबद्दल लिहायची. बाकी सगळं सोडून द्या.

## टप्पा 5. कारणाचा माग काढा

खरं काम इथे आहे. खेळाडूच्या हाती भावना असते: कंटाळा, चीड, ओढ. बनवणाऱ्याच्या हाती नियम आणि आकडे असतात. या दोन टोकांमध्ये एक साखळी असते आणि ती समीक्षकाने जोडून द्यायची असते. रॉबिन ह्युनिक, मार्क लब्लांक आणि रॉबर्ट झुबेक यांनी 2004 मध्ये एका निबंधात हेच मांडलं: बनवणारा नियमांच्या बाजूने गेमकडे येतो, खेळणारा अनुभवाच्या बाजूने, आणि मध्ये असतं ते नियम चालू झाल्यावर होणारं वर्तन.

पद्धत सरळ आहे. खूण केलेली भावना घ्या, त्या क्षणाचं रेकॉर्डिंग लावा, आणि तीन पायऱ्या उतरा: वाटलं काय, त्याआधी घडलं काय, ते कोणत्या नियमामुळे किंवा आकड्यामुळे घडलं.

पहिली साखळी. वाटलं: अन्याय झाला. घडलं: डावीकडचा धागा तुटला, तो सहा सेकंदांनी दिसला, तोवर आणखी दोन तुटले आणि चादर गेली. नियम: तुटलेला धागा आणि धोटा दोन्ही पांढरे आहेत, आणि तुटण्याचा बारीक आवाज मागाच्या खटखटीत बुडतो. इथे वेग कमी करायचा सल्ला दिला असता तर गेम सोपा झाला असता, पण अन्याय तसाच राहिला असता. धागा दिसतच नव्हता!

दुसरी साखळी. वाटलं: चौथ्या मिनिटाला कंटाळा. घडलं: वेग वाढत होता, पण मी तेच करत होतो. दिसला धागा, मारली गाठ. नियम: प्रत्येक धागा सारख्याच किमतीचा आहे, त्यामुळे कोणता आधी बांधायचा हा प्रश्नच उठत नाही. हेतू मात्र तोच प्रश्न उभा करायचा होता. “लेव्हल्स वाढव” या नेहमीच्या सल्ल्यामागे बहुतेक वेळा हीच साखळी सापडते. लेव्हल्स पुरेशा असतात, निर्णय पुरेसे नसतात.

तिसरी साखळी. वाटलं: कंट्रोल्स जड आहेत. घडलं: क्लिक केल्यावर गाठ बसायला अर्धा सेकंद लागला, मध्ये काहीच दिसलं नाही, म्हणून मी दोनदा क्लिक केलं. नियम: गाठीचं ॲनिमेशन संपल्यावरच क्लिक पोचल्याची खूण मिळते. क्लिक क्षणार्धात पकडलं जात होतं, खेळाडूला ते कळत नव्हतं.

उड्या मारायच्या गेममध्ये हा प्रकार फार दिसतो. “उडी लागत नाही” अशी तक्रार येते. रेकॉर्डिंग एकेक चित्र पुढे सरकवून बघितलं तर कळ कड्यावरून पाय सुटल्यावर दोन-तीन चित्रांनी दाबलेली असते. हिशेबाने चूक खेळाडूची, पण त्याला तसं वाटत नाही आणि वाटणारही नाही. म्हणून अनुभवी डिझायनर पाय सुटल्यावरही थोडा वेळ, 60 चित्रांच्या हिशेबात सहा चित्रं म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, उडी मान्य करतात. समीक्षेत असा आकडा आला की बनवणाऱ्याच्या हातात काहीतरी ठोस पडतं.

कारण सापडलंय असं वाटलं की एकदा तपासून घ्या. बनवणाऱ्याला विचारून एकच गोष्ट बदलायला लावा, उदाहरणार्थ तुटलेल्या धाग्याचा रंग, आणि तेवढाच भाग पुन्हा खेळा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळणार नाही. रंग सुचवताना तांबडा-हिरवा अशी जोडी सुचवू नका. तो फरक न दिसणारी माणसं तुमच्या वर्गातही असतील. रंगासोबत आकार किंवा हालचाल बदलायला सांगा, जसं की तुटलेलं टोक खाली लोंबू द्यावं.

> नेहमीची चूक: “कठीण आहे” आणि “कळत नाही” यांची सरमिसळ. हरल्यावर खेळाडू “माझं चुकलं” म्हणाला तर गेम कठीण आहे. “काय झालं?” म्हणाला तर तो अस्पष्ट आहे. दोन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

## टप्पा 6. दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

या बाबतीत सोलापूरकरांइतकी सोय फार थोड्या शहरांत आहे. एकाच गल्लीत घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसं भेटतात. गेम मजकुरावर किती टेकलेला आहे हे बघायचं असेल तर मजकुराची लिपी सराईतपणे न वाचणाऱ्या शेजाऱ्याला खेळायला द्या. तीन-चार माणसं पुरेत, पण सगळी तुमच्या हॉस्टेलची नकोत.

विषय जाणणारा माणूस मिळाला तर सोडू नका. मागाचा गेम यंत्रमागावर काम केलेल्या काकांना दिला तर ते धागा तुटल्यावर आधी माग थांबवायची सोय शोधतील, कारण चालत्या मागात हात घालून कुणी गाठ मारत नाही. स्पेसबारची सोय गेममध्ये आहे, पण ती स्क्रीनवर कुठेच दिसत नसेल तर ज्याला काम येतं तोच सगळ्यांत आधी अडेल. असा अडथळा तुम्हाला एकट्याने खेळून सापडला नसता.

बसण्याचे नियम कडक आहेत. बोट दाखवायचं नाही. “अरे, स्पेस दाब की” म्हणायचं नाही. खेळणारा अडला तर घड्याळ बघा आणि किती वेळ अडला ते लिहा. सुरुवातीला एवढंच सांगा: “खेळता खेळता मनात येईल ते बोलत राहा.” कुणी “हे काय होऊलालंय बे?” म्हणालं तर ते जसंच्या तसं लिहा. त्या वाक्यात “गेमची स्पष्टता कमी आहे” यापेक्षा जास्त माहिती असते, कारण ते नेमक्या क्षणी आलेलं असतं.

खेळ झाल्यावर “आवडला का?” विचारू नका. आपल्याकडे घरी आलेल्या पोराचं मन मोडायचं नाही म्हणून “छान आहे” हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा: “शेवटी काय झालं ते सांगा.” “तुम्ही का हरलात?” “अजून एकदा खेळायला मिळालं तर काय वेगळं कराल?” तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं तर गेममध्ये शिकण्यासारखं काहीतरी आहे.

गेम मराठीत असेल तर मजकूर इथेच तपासा. पिक्सेल फॉन्टमध्ये देवनागरी बहुधा नसते. चित्रांच्या तुकड्यांतून अक्षरं जोडणाऱ्या पद्धतीत जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी बसते. गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीत ही जुळणी होत नव्हती, चौथीत होते. वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जात नाही ना, ते बघा. संवाद टाइप झाल्यासारखा एकेक अक्षराने उमटत असेल तर विशेष लक्ष द्या: “स्त्री” आधी “स”, मग “स्”, मग “स्त” असा उमटला तर वाचणाऱ्याचा डोळा दर शब्दाला अडखळतो.

## टप्पा 7. लिहायला बसा

आता तिसरा रकाना आखा. सुचलेले सल्ले त्यात जाऊ द्या, पण समीक्षेत घ्यायचे मुद्दे तीनच. निवडताना कसोटी एक: यामुळे खेळाडू गेम सोडून गेला का? गेला असेल तो मुद्दा पहिला. बटणाचा रंग आवडला नाही हा मुद्दा कधीच नाही.

प्रत्येक मुद्दा या घडणीत लिहा:

> यंत्र: लॅपटॉप, क्रोम, 60 हर्ट्झ, रविवारची आवृत्ती.
> घडलं: 1:50 ला डावीकडून दुसरा धागा तुटला. मला 1:56 ला दिसला. तोवर तीन झाले आणि चादर गेली. दुसऱ्या दोन खेळाडूंचंही असंच झालं.
> कारण (माझा अंदाज): तुटलेला धागा आणि धोटा एकाच रंगाचे आहेत, आणि तुटल्याचा आवाज खटखटीत बुडतो.
> प्रश्न: तुटलेला धागा शोधणं हा खेळ आहे, की कोणता आधी बांधायचा हे ठरवणं?
> सुचवणी: ठरवणं हा खेळ असेल तर तुटलेलं टोक लोंबतं दाखव, आणि तुटताना मागाचा आवाज क्षणभर खाली घे.

प्रश्न सुचवणीच्या आधी आहे, हे सोडू नका. बनवणारा “शोधणं हाच खेळ आहे” म्हणाला तर तुमची सुचवणी रद्द होते, पण नोंद आणि कारण त्याच्या कामाचं राहतं. मग तो शोधायला जास्त वेळ देईल, किंवा आवाजावरून दिशा कळेल असं करेल. ते त्याने ठरवायचं.

स्तुतीलाही हीच शिस्त लावा. “साउंड मस्त” याचा उपयोग नाही. “वेग वाढला की खटखट दाट होते, त्यामुळे आकडा न बघता मला वेग कळत होता, हे बदलू नकोस” याचा आहे. चांगली गोष्ट नेमकी सांगितली नाही तर पुढच्या आवृत्तीत दुसरं काही दुरुस्त करताना तीच पहिली मोडते.

सूर मैत्रीचा ठेवा, वाक्यांचा कर्ता गेम ठेवा. “तू धागा नीट दाखवला नाहीस” ऐवजी “धागा दिसत नाही”. दुसऱ्या मोठ्या गेमशी तुलना करून “त्यात कसं आहे बघ” म्हणणं टाळा. तिथे उपाय काम करतो तो त्या गेमच्या बाकीच्या नियमांमुळे.

> तपासा: तुमचा मजकूर गेम न खेळलेल्या मित्राला वाचायला द्या. कोणत्या क्षणी काय घडलं हे त्याला डोळ्यांसमोर आणता आलं नाही, तर तो मुद्दा पुन्हा लिहा.

## टप्पा 8. नवी आवृत्ती आली की

पूर्ण गेम पुन्हा खेळत बसू नका. ज्या तीन जागा दाखवल्या होत्या तेवढ्याच खेळा, त्याच यंत्रावर, त्याच ब्राउझरमध्ये. पान जुनीच फाइल दाखवत नाही ना हे आधी बघा. ब्राउझर जुन्या फाइली साठवून ठेवतो, म्हणून लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबून रीलोड करा. “काहीच बदललं नाही” असे निरोप याच कारणाने फार जातात.

सुरुवातीच्या मिनिटाबद्दल मात्र आता तुमचं मत धरू नका, कारण तुम्हाला गेम पाठ झाला आहे. त्यासाठी नवा माणूस बसवा आणि टप्पा 6 मधले नियम पाळा.

तुमची सुचवणी नव्या आवृत्तीत दिसली नाही, पण दीड-दोन मिनिटांच्या सुमारास धागे वेळेत दिसायला लागले असतील, तर त्या मुद्द्यापुढे “सुटला” लिहा आणि दुसरा मुद्दा घ्या.